आपला मोहल्ला कोठवरी

अर्जुनी मोरगावच्या एका शाळेत मी नुकताच कॉम्प्युटर शिकवायला लागलो होतो. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि दहापैकी दोन मशीन नेटवर्कवर बाकीच्यांना दिसेचनात. त्या दुपारी शाळेचा बंद फोन दुरुस्त करायला टेलिफोनचे एक लाइनमन आले. पन्नाशीचे, मागच्या खिशात पक्कड. मी एकेका मशीनचं सेटिंग उघडून पाहत होतो; काम आटोपल्यावर ते माझ्या मागे उभे राहून स्क्रीनवरचे आकडे पुटपुटू लागले.

"सर, सबनेट मास्क पाहा. सगळ्यायचा शेवट शून्य, या दोघायचाच एकशे अठ्ठावीस."

तो आकडा मी आजवर न समजताच टाइप करत आलो होतो. तसं कबूलही केलं.

"मशीनचा पत्ता बराबर हाये," ते म्हणाले, "पण आपला मोहल्ला कोठवरी, ते मास्क सांगते. यायचा मोहल्ला अर्धाच झाला. सेजारच्याले परगावचा समजून राहिले."

मी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी हात मागे बांधले.

"तुमीच करा."

मी दोन्हीकडे तो आकडा बदलला. दोन्ही मशीन दिसू लागली.

"कुठं शिकलात?"

"एक्स्चेंजमधी साहेब लोक कॉम्प्युटर जोडत, मले वायर ओढाले बोलवत. काम झालं तरी मी थांबून राहो, पाहून राहो."

एवढ्यात हेडमास्तर आले. "कुणी केलं?"

"सरनं," लाइनमन म्हणाले.

मी उठून माझी खुर्ची लाइनमनपुढे ठेवली आणि हेडमास्तरांना म्हणालो, "सर, आज मला यांनी शिकवलं."

लाइनमन क्षणभर घुटमळले. मग बसले, अगदी ताठ.