स्टोअरवालीनं खोडलेल्या ओळी

तर ही गोष्ट एका स्टोअरवालीची. यंत्रं दुरुस्त करायचा कारखाना. तळमजल्यावर नटबोल्ट, पट्टे आणि बेअरिंगांच्या फडताळांत ही बसायची, आणि वर नकाशांच्या खोलीत तिची सख्खी धाकटी बहीण. दुपारी दोघी एकाच डब्यात जेवायच्या. पण घरच्या एका कार्यात धाकटीच्या नवऱ्यानं जोरदार तान घेतली आणि ही भर बैठकीत बोलून गेली, "अरे, कुणीतरी त्या करकरत्या बेअरिंगला तेल घाला रे!" झालं! माणसं पोट धरून हसली, धाकटी तरातरा उठून गेली. तेव्हापासून अबोला, डबेही वेगळे.

अबोला घरचा, कामाला तो कुठला परवडायला? वरून मागणी यायची, खालून उत्तर जायचं, सगळं संगणकाच्या काळ्या पडद्यावर, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. स्टोअरवाली 'राइट' ही कमांड द्यायची, पुढे बहिणीचं नाव, मग मजकूर. एंटर दाबेपर्यंत ओळ आपल्यापाशीच. या सोयीचा बाईनं काय फायदा उचलावा! आधी मनातली मळमळ टाइप करायची, "महाराणी, जिना उतरलात तर झिजाल का?" मग ती साफ खोडायची आणि लिहायची, "बेअरिंग आले आहे." पोट हलकं, भांडण नाही.

एका सकाळी संगणकवाला आला. म्हणाला, "ताई, आजपासून 'टॉक' वापरा. पडद्याचे दोन भाग होतात, वर तुमचं, खाली त्यांचं. आणि बरं का, यात..."

"कळलं रे! मी काय कालची आहे?" म्हणत तिनं त्याला वाटेला लावलं. यात अक्षर उमटतं तसं पलीकडे दिसतं, खोडणंसुद्धा, हे त्या बिचाऱ्याच्या तोंडातच राहिलं. सकाळच्या मागण्यांची उत्तरं तिनं 'टॉक'वरच दिली, नेहमीसारखं आधी 'महाराणी' लिहून आणि खोडून.

दुपारी शिपाई काउंटरवर रेलून म्हणाला, "तुमच्या धाकटीनं दुसऱ्या गावच्या शाखेत बदली मागितलीय म्हणे. अर्ज लिहून ठेवलाय, संध्याकाळी साहेबांकडे जाईल."

स्टोअरवालीला जा म्हणवेना आणि राहा म्हणायला जीभ रेटेना. मग कामाचं निमित्त काढून तिनं पुन्हा 'टॉक' उघडलं. वरून धाकटीनंही जोडणीला होकार दिला.

"जाऊ नकोस गं." खोडलं.

"चुकलं माझं. चारचौघांत बोलायला नको होतं." खोडलं.

"तू गेलीस तर मी पुन्हा डबा कुणासमोर उघडू?" डोळे पुसत पुसत तेही खोडलं. मग खाकरून, जणू पडद्याला ऐकू जातं, तिनं लिहिलं, "पट्टे आले आहेत. घेऊन जावेत."

पडद्याच्या खालच्या भागात मग एकेक अक्षर उमटू लागलं.

"ताई, तू खोडतेस ते सगळं दिसतंय मला. सकाळपासून. महाराणीसुद्धा."

स्टोअरवालीचे कान तापले. सवयीनं बोट खोडायच्या बटणाकडे धावलं आणि अर्ध्यावर थबकलं. आता झाकायचं ते काय उरलं होतं? तिनं पदर खोचला आणि एका दमात टाइप केलं:

"दिसलं ना? बरं झालं, माझी जीभ वाचली. तो अर्ज फाड आणि खाली जेवायला ये. तुझ्या ह्यांना सांग, मी चारचौघांत बोलले ते चुकलं. पण त्या तानेला तेल लागतं, एवढं मात्र मी खोडणार नाही."