टिसडेल घराण्याचा टी-शर्ट

माझ्या वहिनीशी, वर्डेलशी, माझं कधी पटलं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं कुणी कौतुक समजून वाचायला नको.

माझा थोरला भाऊ लेमुएल याची ती बायको. जन्मभर गावच्या शाळेत दुपारचं जेवण रांधायची आणि वाढायची. अर्धं गाव तिच्या डावाखालून गेलंय. पोरगं घरून उपाशी आलंय हे तिला चेहऱ्यावरूनच कळायचं, मग दुसरा डाव न मागता पडायचा. हेडमास्तर रागवले की "हो साहेब" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी तेच करायची. तिला नि लेमुएलला मूल झालं नाही. पोटी पोर नाही म्हणून गावची पोरं पोसते, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचे.

लेमुएल गेला आणि तिला घर खायला उठलं. दर शनिवारी मोठं पातेलं गाडीत घालून ती तळ्याकाठच्या बागेत जायला लागली. बस स्टँडच्या मागे, पुलाखाली झोपणारी माणसं तिथे जमायची. कोंबडी घातलेला भात, घेवडा, मक्याचा पाव. कुणी कुणाचं नाव विचारायचं नाही.

पुढे तळ्याभोवती कॉफीची दुकानं आली, फ्लॅट आले आणि बाकांवर झोपलेली माणसं लोकांच्या डोळ्यांत खुपायला लागली. नगरपालिकेने कायदा केला. बागेत परवान्याशिवाय लोकांना जेवू घालायचं नाही, आणि परवाना मिळणार वर्षातून दोनदा. जणू माणसाला भूक वर्षातून दोनदाच लागते. बदकांना खायला घालू नका, ही पाटी होतीच. तिच्याच खांबावर ही नवी पाटी ठोकली. लग्न, वाढदिवस, मयतीचं जेवण, घराण्याचा मेळावा एवढ्यांनाच सूट. पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा दंड, तिसऱ्यांदा कोठडी. वहिनीची ताकीद झाली होती, दंडही भरून झाला होता. साखरेमुळे तिला रोज इंजेक्शन घ्यावं लागतं. कोठडीत तिचं काय होणार, या काळजीने माझी झोप उडाली होती. तिची नाही.

आता मेळाव्याचं सांगते. आमच्या लोकांत, म्हणजे इथल्या अमेरिकेतल्या काळ्या लोकांत, उन्हाळ्यात घराण्याचा मेळावा भरतो, कुठून कुठून माणसं येतात आणि सगळे एकाच रंगाचे टी-शर्ट घालतात. टिसडेलांचा मेळावा मी भरवते. त्या वर्षी जांभळे टी-शर्ट छापले. छातीवर झाड, झाडाखाली 'टिसडेल घराणं', आणि पाठीवर माझा फोन नंबर. डेट्रॉइटला नि अटलांटाला गेलेली पोरं एरवी फोन करत नाहीत, पाठीवरच नंबर असला तर करतील, अशी माझी अक्कल. शंभरावर छापले. माणसं आली ती दोन टेबलं जेमतेम भरतील एवढी. उरलेलं खोकं वहिनीच्या गॅरेजात पडून राहिलं.

एका शनिवारी काही कामासाठी मी तिच्याकडे गेले. ती नव्हती, पातेलं नव्हतं आणि खोकंही नव्हतं. तशीच बागेत गेले. ओकच्या झाडांखाली पुलाखालची झाडून सगळी माणसं बसली होती, आणि प्रत्येकाच्या अंगावर माझा जांभळा टी-शर्ट.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"मेळावा," ती म्हणाली. "बस. भात गरम आहे."

"ही आपली माणसं आहेत?"

"तुझी ती डेट्रॉइटची आपली होती ना? आली?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात पोलिसाची गाडी आली. डेंटन उतरला. लहानपणी तोही वहिनीच्याच रांगेत ताट घेऊन उभा राहिलेला.

"मिस वर्डेल, मागच्या वेळी मी काय सांगितलं होतं? कायदा मी केला नाहीये हो."

"तू नाहीच केलास. तू वाटाणे टेबलाखाली टाकायचास, तेवढंच."

त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली. "हे सगळे टिसडेल?"

"छातीवर लिहिलंय की."

"आणि हा?" त्याने एका माणसाकडे बोट दाखवलं. हॉलिस त्याचं नाव, हे मला मागून कळलं. गोरा, उन्हाने रापलेला, लाल दाढी छातीवर आलेली. आम्ही सगळे काळे.

"आईच्या बाजूने," वहिनी म्हणाली.

सगळं टेबल हसलं. डेंटननेही ओठ चावले. मग तो माझ्याकडे वळला. "मिस ओडेसा, तुम्ही जन्माच्या टिसडेल. चर्चमध्ये पोरांना बायबल शिकवता. तुम्हीच सांगा. ही तुमची माणसं आहेत?"

चमचे थांबले. नाही म्हणावं तर वहिनी गाडीत बसणार. हो म्हणावं तर धडधडीत खोटं.

"घराणं मोठं आहे," मी म्हणाले. "सगळ्यांचे चेहरे मला कुठले आठवायला?"

डेंटनने गाडीचं दार उघडलं. "पुढच्या वेळी मोठे साहेब असतील सोबत. त्यांना हो किंवा नाही, एवढंच लागतं." आणि तो गेला.

"हो म्हणाली असतीस तर जीभ झडली असती का गं?" वहिनी म्हणाली.

"माझ्या बापाचं नाव आहे ते. रस्त्यावर वाटायला नाही."

"आणि तुझ्या बापाला कुठून मिळालं?"

टिसडेल हा कापसाच्या मळ्याचा गोरा मालक. आमच्या पणजोबाचा बापही त्याच्याच मालकीचा. गुलामीतून सुटका झाली तेव्हा त्या माणसाकडे स्वतःचं असं दुसरं नाव नव्हतं. तेही असंच कुणीतरी अंगावर चढवलेलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं.

त्यानंतर वहिनीने बागेत जाणं सोडलं, पण डबे भरून पुलाखाली पोचवत होती. बसून, एकत्र, ताटात जेवणं मात्र बंद झालं. त्याचाच तिला जास्त त्रास व्हायचा. "डबा काय, कुत्र्यालाही टाकतात," म्हणायची.

हॉलिसने त्या दिवसापासून मला आत्या म्हणायला सुरुवात केली. दुकानाबाहेर दिसला की, "आत्या, पिशवी द्या इकडे."

"मी कुणाची आत्याबित्या नाही."

"बरं, आत्या."

थंडी पडली तरी तो टी-शर्ट जाकिटावरून घालायचा. नाव दिसावं म्हणून, असं म्हणे. मला लाज वाटायची आणि पिशवीही मी त्याच्याच हातात द्यायचे.

जानेवारीत दोन रात्री पाणी गोठेल इतका गारठा पडला. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. पाठीवर तो नंबर छापल्यापासून एकाही नातेवाइकाचा फोन आला नव्हता. पहिला आला तो शवागारातून.

"मयताच्या टी-शर्टवर हा नंबर आहे," पलीकडची बाई म्हणाली. "लाल दाढी आहे. खिशात कागद नाही. कुणी पुढे आलं नाही तर सरकारी खर्चाने जाळून राख सगळ्यांबरोबर एकत्र पुरतात. तुमच्या नात्यातले होते का?"

घराणं मोठं आहे, हे उत्तर आता चालणार नव्हतं.

"हो," मी म्हणाले.

"कोण लागत होते?"

"भाचा. माझ्या भावाचा मुलगा." आत्या म्हणायचा, म्हणून तोंडातून तेच आलं. फोन ठेवल्यावर मी खूप रडले. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

वहिनी स्वयंपाकघरात घेवडा निवडत होती. हॉलिस गेला, दफनभूमीतल्या आपल्या जागेत लेमुएलशेजारी त्याला पुरायचं मी ठरवलंय, हे सांगितलं. फोनवर काय बोलले तेही सांगितलं.

तिचे हात थांबले. "भावाचा मुलगा म्हणालीस?"

"हो."

"कुठल्या भावाचा?"

"मला एकच भाऊ होता, वहिनी."

तिने पदार्थात मीठ पडलंय का विचारावं तसं विचारलं, "म्हणजे माझा?"

"तुझाच."

तिने तोंडाला एप्रन लावला. इतक्या वर्षांत तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, लेमुएलच्या वेळीसुद्धा ती रडली नव्हती. जरा वेळाने डोळे पुसून उठली आणि मोठं पातेलं खाली काढलं. "मयतीचं जेवण बागेत," म्हणाली. "टेबलावर. ताटात."

शनिवारी दफन झालं आणि ओकच्या झाडांखाली पंगत बसली. सगळ्यांनी जांभळे टी-शर्ट घातले होते, मीही. डेंटन आला, सोबत मोठे साहेब. साहेबांनी पाटीकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, मग वहिनीला विचारलं, "मयत तुमचं कोण?"

"मुलगा," वहिनी म्हणाली.

साहेब माझ्याकडे वळले. त्यांनी विचारायच्या आधीच मी हो म्हणाले.

डेंटनने टोपी काढली. वहिनीने त्याच्यापुढे ताट धरलं, आणि वाटाणे जरा जास्तच वाढले.