अर्ध्या कोयत्याची लेक

माझी दहाच्या दहा बोटं सुटी आहेत. आईच्या दोन्ही हातांना मधली तिन्ही बोटं जन्मापासून जुळलेली. तिच्या बापाचीही तशीच होती. मी जन्मले तेव्हा सुईणीनं म्हणे आधी माझ्या मुठी उलगडून पाहिल्या आणि मग मुलगी आहे म्हणून सांगितलं. तेव्हापासून जो तो एकच म्हणतो, बरं झालं, आईचं काही घेतलं न्हाई.

घेतलं नाही कसं?

ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात. आईला ना ऊस तोडता यायचा, ना मोळी बांधता. मुकादम दारात उभा राहून माझ्या बापाला म्हणायचा, "अर्धा कोयता घेऊन मी काय करू बे?" मग बाप गावातच पडेल ते काम करायचा. दिवाळी झाली की शिरूरकडची निम्मी गावं ट्रकात बसून जायची, माझ्या वर्गातली पोरंही. मला आईचा लई राग यायचा. सगळ्या मैत्रिणी जातात, आपणच कावून मागं? वर्गात आम्ही सहाजण उरायचो आणि गुरुजी आम्हालाच धरून बसायचे. मैत्रिणी उन्हाळ्यात परत यायच्या तोवर माझं पुस्तक संपलेलं असायचं. पुढं त्यांची शाळा सुटली. मी तलाठी झाले.

गेल्या महिन्यात माझं डोहाळजेवण होतं. आदल्या दिवशी सासूबाई हळूच म्हणाल्या, "ओटी तुझ्या आईनं नको भरायला. बाळाला त्या हाताचा गुण लागंल." ओटीच्या वेळी बघते तर आई पार मागं, हात पदराखाली घेऊन बसलेली. तिलाही कुणीतरी सांगितलं होतं. माझं टाळकंच सरकलं.

"आत्या," मी सगळ्या बायांसमोर सासूबाईंना म्हणाले, "माझी नोकरी तुम्ही गावभर सांगत फिरता ना, ती ह्याच हातांनी दिली. ते धड असते तर मी आज उसाच्या फडात असते आणि तुम्ही माझ्या दारात पाय ठेवला नसता. मला आलं न्हाई ते बाळाला कुठून येणार? आणि आलं तरी मला चालतंय. ओटी आधी आई भरंल, न्हाईतर कुणीच भरायची न्हाई."

आई नको नको म्हणत उठली. तिच्या ओंजळीत तांदूळ नीट मावत नाहीत, थोडे सांडलेच. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी दोनदा वाढून घेतलं.