मोबाईलसमोर धरलेला पदर

कमलताई गेल्याचं मला कोणी सांगितलं नाही, दाखवलं. सकाळी मी अमरावतीला घरी तांदूळ निवडत बसले होते. सून आतून मोबाईल घेऊन आली आणि तो तिनं माझ्यापुढे धरला. त्यात माझ्या मोठ्या बहिणीचा फोटो होता. भोवती हार, तोही मोबाईलातलाच, आणि मागे बासरी वाजत होती. फोटो हसतानाचा होता, तोंड एवढं उघडं की वरची कवळी दिसावी. कोपऱ्यात लाल अक्षरांत, ती स्वयंपाक करताना दिसायची त्या चॅनलचं नाव तसंच होतं. पोटच्या पोरानं, गजूनं, आईच्या मरणाची बातमी टाकली आणि जाहिरात पुसायचं त्याला सुचलं नाही, की सुचलं आणि पुसली नाही... मला यातलं दुसरंच खरं वाटतं. त्याचा फोन नंतर आला. "मावशी, समजलंच असन तुमाले." मी हो म्हणाले. सून तोवर फोटोखालचं वाचत होती. हात जोडलेल्या चित्रांची रांगच रांग आणि मधेच एका बाईनं विचारलेलं, 'काकू, ठेच्यात तीळ घालायचे का?' मला ती बाई त्यातल्या त्यात बरी वाटली. न वाचता हात जोडण्यापेक्षा न वाचता तीळ विचारलेले काय वाईट.

चॅनलचं नाव मी इथे लिहीत नाही. हे कोणी वाचणार नाही, तरीही नाही लिहीत. तेवढीच त्याची जाहिरात कमी.

आमचं माहेर अकोटकडचं. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, ताई तेवढीही नाही. पण बोलायचं काम आमच्या घरात तिचं होतं आणि तिच्या मागे उभं राहायचं काम माझं. दुकानात, डॉक्टरकडे, शाळेत, सगळीकडे माझ्या वाटचं तीच बोलायची. "हिचं पोट दुखते, पन हे सांगनार नाही. तुमी आपले औषध द्या." मला पाहायला पाहुणे आले तेव्हा त्यांनी नाव विचारलं आणि माझ्या तोंडून आवाज फुटेना. ताई दारातून म्हणाली, "नाव पत्रिकेत लिहेल हाय जी, वाचून घ्या. आवाज आयकाचा असन तं लग्न झाल्यावर आयका." पाहुणे हसले आणि लग्न जमलं. आमचे हे पुढे जन्मभर म्हणायचे, "म्या तं त्या बोलनारीलेच पसंत केलं होतं, चुकून तू आली."

नदीवर धुणं घेऊन जायचो तेव्हा अंघोळही तिथेच व्हायची. कपडे बदलताना ताई कोरडं लुगडं दोन्ही हातांनी ताणून धरायची. माझ्याकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. एखादा पोरगा रेंगाळला की ओरडायची, "काय पायतं बे? म्हैस पाहेल नाही काय कधी?" मी लुगड्यामागून कुजबुजायची, "ताई, मी म्हैस हाय का?" आणि थोड्या वेळानं, "गेला का वं?" ती म्हणायची, "नाही गेला. तू घाल निवांत." पुष्कळदा तो कधीच गेलेला असायचा. मी घाई करून ओल्या अंगावर चोळी चढवू नये म्हणून ती तसं सांगायची, हे मला फार उशिरा कळलं.

लग्न होऊन ती अकोल्याला गेली. भाऊजी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. ते लवकर वारले आणि गजूला तिनं एकटीनं वाढवलं. तिचे दातही लवकर पडले, आणि त्या एका गोष्टीची मात्र तिला फार लाज होती. बोलायला जी कोणाच्या बापाला भीत नसे, ती दाराची कडी वाजली की आधी वाटीतली कवळी तोंडात बसवायची आणि मग विचारायची, "कोन हाय?" गजूनंसुद्धा तिला बिनदातांची कधी पाहिली नव्हती. मी पाहिली होती. "दात नसले का तोंड बोकडावानी दिसते," ती मला म्हणायची, "तुले चालते, तू कोनाले सांगत नाही." मी खरंच कोणाला काही सांगत नाही.

गजूचं बसस्टँडजवळ मोबाईलच्या कव्हरांचं दुकान होतं. दुकान कमी आणि मोबाईल जास्त. एक दिवस ताई कुकरवर चिडली होती. "शिट्टी मार ना बे, कोनाची वाट पाहून राह्यला? आमंत्रन देऊ काय तुले?" गजूनं ते मागून गुपचूप मोबाईलात घेतलं आणि लोकांत सोडून दिलं. लोकांनी ते एवढं पाहिलं की पोराला वेड लागायचंच बाकी राहिलं. मग घरात तीन पायांचं स्टँड आलं, डोळ्यांत घुसणारा गोल दिवा आला. ज्या कुकरनं नाव काढलं तो कुकर माळ्यावर गेला, कारण शहरातल्या लोकांना म्हणे चूल आवडते. अंगणात चूल मांडली. ताईनं गॅस घेऊन इतकी वर्षं झाली होती की फुंकणी कुठे मिळते तेही तिला आठवेना. पाचवारी नेसणाऱ्या बाईला नऊवारी नेसवली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. विधवा बाईनं कुंकू लावलं म्हणून माझ्या मनात काही नाही, तिनं आपल्या हौसेनं लावलं असतं तर मीच आणून दिलं असतं. पण ते हौसेचं नव्हतं, गिऱ्हाइकासाठी होतं. गिऱ्हाईकही कसलं! पुण्यामुंबईकडचे लोक लिहायचे, 'काय गोड भाषा, किती अस्सल.' आम्ही मले-तुले म्हणतो ते यांना हसायला पाहिजे असतं. आम्ही दुखलं खुपलं तरी त्याच भाषेत सांगतो हे त्यांच्या गावीही नसेल.

मी अकोल्याला गेले की गजू मलाही ओढायचा. "मावशी, या ना समोर. निसत्या बसा." मी पदर ओढून मागे सरायची. शेवटी त्यानं माझे हात घेतले. ताई बोलायची आणि बाजूला कोणाचे तरी हात भाकरी थापताना दिसायचे, ते माझे. एकच भाकरी तीन-तीनदा थापून घ्यायचा. "आई, आता अजून जोरात चिड ना." "अरे पन कोनावर चिडू?" "कोनावर बी. मावशीवर चिड." ताई माझ्याकडे बघायची आणि तिला राग येईना. मग गजू सांगायचा ते शब्द ती बोलायची. त्यात एक शिवी असायची, जी तिनं आयुष्यात कधी दिली नव्हती. तिच्या स्वतःच्या शिव्या याच्यापेक्षा चांगल्या होत्या. आणि एवढं झाल्यावर भाकरी थंड, पिठलं घट्ट, आणि गजू तिकडे तोंडाला मोबाईल लावून बसलेला. तो जेवायलाही यायचा नाही.

एकदा मी तिला विचारलं, "ताई, तुले हे आवडते का?" ती चुलीतली लाकडं विझवत होती. म्हणाली, "आवडाचं काय त्यात. पोरगा समोर बसून माह्याकडं पायते तरी. आंधी जेवतानी बी मान खाली घालून मोबाईलात पाहे. आता मोबाईलातून का होईना, मले पायते ना." मला बोलायचं होतं की तो तुला पाहत नाही, तू नीट उजेडात आहेस की नाही ते पाहतो... पण तिचा चेहरा बघून गिळलं.

पुढे पुढे ती मलाही फोनवर चॅनलसारखं बोलायला लागली. "काय म्हन्ता मंडळी!" अगं मी एकटी आहे, मंडळी कुठली? आमच्या इथल्या एका लग्नात पोरीबाळींनी तिला घेरलं. "काकू, तो कुकरवाला डायलॉग मारा ना!" तिनं मारला. पुन्हा मारला. नवरीनं हट्ट केला म्हणून मांडवात उभं राहून पुन्हा. जेवणं लागली होती आणि तिला कोणी पानावर बसवलं नाही. मग ती मागच्या दारी माझ्याजवळ येऊन घटाघटा पाणी प्यायली आणि म्हणाली, "माह्या तोंडातून कोन बोलून राह्यलं, आता मलेच समजत नाही वं."

नंतर तिला दवाखान्यात ठेवलं. मी मूर्तिजापूरपर्यंत बसमध्ये उभी आणि पुढे कशीबशी टेकून अकोल्याला पोचले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावायचा म्हणून नर्सनं तिची कवळी काढून ठेवली होती. ती हातानं वाटीची खूण करून मागत होती आणि मी नाही म्हणत होते. गजू रोज आईच्या तब्येतीची खबर लोकांना देत होता, मला मात्र औषधाची चिठ्ठीही नीट वाचून दाखवायला त्याला वेळ नव्हता. एक दिवस तिसऱ्या प्रहरी मास्क थोडा वेळ काढला होता, तेव्हा तो मोबाईल समोर धरूनच आत आला. "आई, दोन शब्द बोल ना. किती लोकं तुयासाठी देवाले हात जोडून राह्यले, पाय."

ताईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. एका हातानं तोंड झाकलं, त्या हाताला सुई टोचलेली, ती ओढली गेली. दुसऱ्या हातानं तिनं माझी साडी धरली आणि ओढली. मला बोलून सांगायची गरजच नव्हती.

मी उठले आणि मधे उभी राहिले. मोबाईलकडे पाठ, ताईकडे तोंड. पदर दोन्ही हातांनी जेवढा ताणता आला तेवढा ताणला.

"मावशी, थोडं बाजूले व्हा."

मी हलले नाही.

"मावशी, लाइव्ह हाय! सगळे पाहून राह्यले!"

लाइव्ह म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर कदाचित मी मधे उभीच राहिले नसते. ज्या बाईनं चारचौघांत स्वतःचं नाव सांगितलं नाही ती हजार लोकांपुढे उभी होती. गजू इकडून तिकडे सरकला, मीही सरकले. तो खुर्चीवर चढला, मी पदर वर धरला. सगळा वॉर्ड बघत होता. शेवटी नर्स येऊन त्याच्यावर ओरडली तेव्हा तो बाहेर गेला. त्यानंतर दोन दिवसांनी ताई गेली, मी अमरावतीला घरी आलेली असतानाच.

तेरवीला गजूनं मला बाजूला घेतलं. मोबाईल खिशात होता, पण वर डोकावत होता. "मावशी, त्या दिवशी आई तुमच्याशी काई बोलली ना? तिचे शेवटचे शब्द... लोकं विचारून राह्यले." मी म्हणाले, "काही नाही बोलली." त्याचं काही अडलं नाही. दुसऱ्या दिवशी सून दाखवते तर मावळत्या सूर्याच्या चित्रावर लिहिलेलं, 'काकूंचे अखेरचे शब्द : सर्वांवर प्रेम करा.' ताईनं 'प्रेम' हा शब्द उभ्या जन्मात उच्चारला नव्हता. तिच्या तोंडात शब्द घालायची पोराची सवय ती मेल्यावरही सुटली नाही.

तो दवाखान्यातला व्हिडिओ त्यानं काढून टाकलेला नाही. का काढेल? सगळ्यात जास्त तोच चालला म्हणे. त्यात ताई दिसतच नाही. माझी पाठ दिसते, विटलेली हिरवी साडी, ताणलेला पदर, आणि गजूचं 'मावशी, मावशी.' खाली लोकांनी मला मनसोक्त शिव्या दिल्या आहेत. 'ही कोण मधे तडमडली', 'म्हातारीला अक्कल नाही'. देऊ देत. सूनबाई कामाला गेली आणि तिचा मोबाईल घरी राहिला की मी तेवढा एकच व्हिडिओ लावते, तिनं शिकवलं आहे तसा. शेवटी शेवटी माझे खांदे हलताना दिसतात. त्यावर लोकांचं मन भरून आलं आहे. 'बिचारी मावशी रडते', आणि पुन्हा हात जोडलेले, पुन्हा तीच रांग.

मी रडत नव्हते. पदराच्या आड ताईनं तोंडावरचा हात काढला होता आणि बोळक्या तोंडानं अगदी हळू मला विचारलं होतं, "गेला का वं?"

"नाही गेला."

"म्हन ना त्याले, म्हैस पाहेल नाही काय कधी..."

आणि आम्ही दोघी हसत होतो.