धाकटीची शपथ आणि माझा पासपोर्ट

लहानपणी माझे आखूड झालेले फ्रॉक धाकट्या बहिणीला जायचे आणि तिला ते माझ्यापेक्षा छान दिसायचे. तेव्हापासून माझा जळफळाट सुरू आहे. वय वाढलं की हे सगळं निवळतं म्हणतात. माझं काही निवळलं नाही, उलट नेदरलँड्समध्ये येऊन चांगलं मुरलं.

मी इथे आले ती नवऱ्याच्या मागून. तो आयटीतला, एका डच कंपनीने पुण्याहून बोलावलेला, आणि माझा राहण्याचा परवाना त्याच्या परवान्याला बांधलेला. बेस्ट नावाच्या गावात घर घेतलं, समोरच्या वाऱ्यात सायकल हाणायला शिकले, डचची परीक्षा एका दमात पास झाले. सलग पाच वर्षं परवान्यावर राहिलं की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो आणि मला तो करायचाच होता. कुणाच्या मागून नाही, माझ्या नावाने राहायचं होतं. पण नवऱ्याने मध्येच नोकरी बदलली, माझ्या मुदतवाढीचा अर्ज उशिरा गेला आणि परवान्यात थोड्या दिवसांची फट पडली. खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, खिडकीमागची बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, आता मोजणी पुन्हा पहिल्यापासून. नवरा म्हणाला, "अगं, इट्स जस्ट पेपरवर्क." त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही.

त्याच सुमारास धाकटी इथे आली. अमेरिकेत शिकताना तिने तिथल्या एका सैनिकाशी लग्न केलं होतं, ग्रीन कार्डही मिळवलं होतं. आता त्याची बदली इथे, दक्षिणेकडच्या एका लष्करी तळावर झाली होती. मला आनंद झाला, खरंच झाला. मग एका रविवारी माझ्याच हातचं थालीपीठ खाताना ती म्हणाली, "ताई, माझं सिटिझनशिपचं होईल बहुतेक. ह्याच्या पोस्टिंग ऑर्डरवर माझं नाव आहे ना, त्यामुळे इथे राहिलेले दिवस अमेरिकेत राहिल्यासारखेच धरतात. इंटरव्ह्यू, शपथ, सगळं इथल्या इथे."

मी तवा जरा जोरातच आपटला. म्हणजे ही इथलं दही खाणार, इथल्या पावसात भिजणार, आणि हिचे दिवस मोजले जाणार अमेरिकेत! मी मात्र जिथे राहिले तिथलेच माझे दिवस वाया गेले. "अरे वा," एवढंच मी म्हणाले आणि तिला दुसरं थालीपीठ वाढलं. ते थोडं करपलेलं होतं.

शपथेला तिने मला बोलावलं, वर माझी आंबा रंगाची साडी नेसायला मागून नेली. तळावरच्या हॉलमध्ये उजवा हात वर करून ती उभी राहिली, आणि साडी तिला माझ्यापेक्षा छान दिसत होती. कुणाला शंका यायला नको म्हणून मी तळवे लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी पुण्याहून आईचा फोन आला. "बघ, धाकटी असून पुढे गेली," ती कौतुकाने म्हणाली. ती हे मला सांगत होती.

काही आठवड्यांनी धाकटी साडी परत करायला आली. पर्समधून तिने आपला भारतीय पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. दुसऱ्या देशाची झाल्यामुळे तो जमा करावा लागला होता, आणि वकिलातीने रद्द करून, कोपरा कापून परत दिला होता.

"ताई, तुझा दाखव ना."

मी आणला. तिने तो बराच वेळ नुसता हातात धरला.

"आईला काही झालं तर तू तिकीट काढशील आणि निघशील," ती म्हणाली. "मला आता आपल्याच घरी जायला व्हिसा लागणार. मला हेवा वाटतो गं तुझा." आणि रडायला लागली.

मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, चहा टाकला. पण खोटं कशाला सांगू, इतकं बरं मला या देशात आल्यापासून वाटलं नव्हतं. चहात मी तिला आवडतं तसं जास्त आलं घातलं.

पुढे तिच्या नवऱ्याची पुन्हा बदली झाली आणि ती दूर गेली. माझीही वर्षं आता भरली आहेत. अर्ज केला की मी डच होईन आणि माझ्याही पासपोर्टचा कोपरा कापला जाईल. नवरा विचारतो, "अगं, अप्लाय कधी करतेस? इतकी घाई होती ना तुला?" मी म्हणते, पुढच्या महिन्यात.

धाकटी फोनवर शेवटी हमखास विचारते, "ताई, तुझा पासपोर्ट अजून तोच आहे ना?"

"हो, तोच," मी म्हणते. माझी ही एकच वस्तू तिच्या अंगाला होत नाही, आणि म्हणून ती मला सोडवत नाही.