दुसरं का तिसरं सिलिंडर

गडचिरोलीच्या बाजारात मासे विकून आमी दोघं नवरा-बायको पिकअपनं परत येत होतो. मागं रिकामे टोपले, पुढं मी आन ती. वैनगंगेचा पूल उतरलो तशी तिनं चपला काढल्या आन तळवे पत्र्यावर टेकवले. गाडीचं दुखणं ती असंच पाहे. तलावाच्या गाळात पाय घालून मरळ कुठी दबून बसली ते सांगणारी बाई, तिले इंजिनाचं काय मोठं.

"मिसिंग करून राह्यली," ती म्हणाली. "एक सिलिंडर बरोबर मारत नाई. उद्या सावली गावाले मिस्त्रीकडं घेऊन चला जी."

"तुले तर मिस्त्रीकडं जायाले बहाणाच पायजे," मी म्हणलो.

घर येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत बसली. मीबी गाडी मिस्त्रीकडं नेली नाई, मुद्दाम. चौथ्या दिवशी ती सैपाक करता करता पडली. दवाखान्यात दोन दिवस काढले, मंग गेली. बाजारातून परत येणं, तेच आमचं शेवटचं साधं काम.

मिस्त्रीचं सांगतो. पिकअप जुनी, दुसऱ्याची वापरलेली, म्हणून महिना-दोन महिन्यांनी त्याच्या दारात उभी. तो इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या डिझेल पाईपाचा नट ढिला करे. नट ढिला केल्यावर आवाज पडला तर ते सिलिंडर चांगलं. काईच फरक नाई पडला तर तेच मेलेलं. हे काम चालू असताना माही बायको त्याच्या उजव्या बाजूले उभी राहे, वाके आन त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन काईतरी सांगे. तो मान डोलवे. गाडी माह्या नावावर, चालवतो मी, आन मी बाकड्यावर बसलेला. एकदा दोघं हसले. काऊन हसले ते मी दोन दिवस विचारत होतो. "काई नाई जी," एवढंच म्हणे. म्हातारपणी अशी आग लागणं बरं दिसत नाई, पण लागली होती. सात-आठ वर्षं लागली होती.

तिच्या तेरवीले तो आला. पंगतीत शेवटी बसला. जेवता जेवता रडला. मी माणसांसमोर रडलो नाई, आन हा कोण लागून गेला रडणारा?

पाव्हणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी बोनेट उघडलं. याच्याकडं जायाचंच नाई, असं ठरवलं होतं. आधी वाटलं पाईपात हवा धरली असंन. हवा काढली. फिल्टर बदलला. तसंच. मंग पाना घेऊन त्याच्यासारखा एकेक नट ढिला करू लागलो. पहिल्याले आवाज पडला. चौथ्यालेबी पडला. दुसरं आन तिसरं मले सारखंच वाटे. हात कोपरापर्यंत डिझेलनं भरले. चार वेळा केलं, कदी दुसरं वाटे, कदी तिसरं.

दुपारी मिस्त्री मोटारसायकलवर आला. कोणीतरी सांगतलं असंन.

"काऊन आलास?" मी म्हणलो.

तो काई बोलला नाई. मले वाटलं गुर्मी आहे. इंजिनाजवळ जाऊन उभा राह्यला.

"आलाच आहेस तर सांग. दुसरं का तिसरं?"

तरी गप्प. मंग हळूच म्हणाला, "भाऊ, जरा इकडून या. त्या बाजूनं मले ऐकू येत नाई."

मी इंजिन बंद केलं.

"डावा कान पुरा गेला," तो म्हणाला. "उजव्यानं माणसाचं बोलणं समजते, इंजिनातला बारीक फरक नाई समजत. लई वर्षं झाली. बाईनं एकदा मले चुकीचं सिलिंडर खोलताना पाह्यलं. तवापासून कोणतं सिलिंडर ते त्याच सांगत."

"आन हसत काय होते तुमी?"

"मी एकदा चालू गाडी बंद समजून चावी मारली. त्या म्हणाल्या, मिस्त्री, मासाबी तुमच्यापेक्षा जास्त ऐकते."

मले हसू आलं नाई. "मले काऊन नाई सांगतलं तिनं?"

"मीच शपथ घातली होती भाऊ. बहिऱ्या मिस्त्रीकडं कोण गाडी आणते?"

मी त्याले जा म्हणलं. तो गेला.

माहा संशय गेला, पण आग गेली नाई. उलट वाढली. पूल उतरल्यावर मी तिले टोचून बोललो, तवा एका शब्दात ती माहं तोंड बंद करू शकत होती. नाई केलं. माह्या मनापरीस तिनं त्याची शपथ मोठी मानली. एवढं तर तिनं माहं एकबी गुपित सांभाळलं नाई. माहं सारं तिच्या बहिणीले मालूम.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुसऱ्या आन तिसऱ्या सिलिंडरचे डिझेल फवारणारे नोझल खोलले. दोन चिंध्यांत वेगवेगळे बांधले, तिसऱ्याच्या चिंधीले गाठ मारली आन सावलीची बस धरली. नोझल मिस्त्रीच्या तपासायच्या हातपंपावर लावलं की डिझेल कसं उडते ते डोळ्यांनी दिसते. तिथी कानाचं काम नाई.

दुकानात एक ट्रॅक्टरवाला आधीच उभा होता. मी नोझल समोर ठेवले. मिस्त्रीनं माह्याकडं पाह्यलं. दुसरं नोझल पंपावर चढवलं, दांडा मारला. धुक्यासारखं बारीक डिझेल उडालं. ते काढून गाठीवालं चढवू लागला.

"मिस्त्री, माह्या ट्रॅक्टरले किती टाईम?" ट्रॅक्टरवाल्यानं त्याच्या डाव्या बाजूनं विचारलं. मिस्त्रीनं मान वर केली नाई. "ओ मिस्त्री, बहिरे झाले का?"

एक शब्द बोललो असतो तर संपलं असतं त्याचं. माह्या जिभेवर आलाबी होता.

"हातात काम आहे त्याच्या," मी म्हणलो. "आधी माहा नंबर. बस तिथी बाकड्यावर."

आन मी मिस्त्रीच्या उजव्या बाजूले जाऊन पंपाचा दांडा धरला. तिसऱ्यातून डिझेल उडालंच नाई, थेंब थेंब गळलं.