नाव लावलेली रायफल

या सदरातले अनुभव मी नेहमी शंका काढतच वाचले. सांगणारा काहीतरी लपवतोय, असंच दर वेळी वाटायचं. आता स्वतः लिहायला बसलोय आणि लपवणारा मीच आहे... तेव्हा आधी तेच सांगतो.

मी चोवीस वर्षं फौजेत आर्मरर होतो, म्हणजे हत्यारांची दुरुस्ती-देखभाल करणारा. निवृत्तीनंतर नगरमध्ये एका छोट्या संग्रहात कंत्राटावर लागलो. नाव देत नाही. एकाहत्तरच्या लढाईत शत्रूकडून घेतलेल्या रायफली, पिस्तुलं ठिकठिकाणाहून गोळा करायची, कोणतं हत्यार कुठलं ते ओळखायचं आणि टॅग लावायचा, एवढंच काम. सगळी निकामी केलेली. ओळखायची पद्धत साधी असते. बॉडीवर ठोकलेला नंबर झिजला असेल तर त्यावर खडू घासायचा, वरवर पुसलं की आकडे पांढरे उठतात. तो नंबर जुन्या यादीशी जुळवायचा. कोणतं हत्यार कोणत्या जवानाने आणलं, तेही त्या यादीत असतं.

दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या तोंडावर एक अर्ज आला. मिरजगावजवळच्या हौसाबाईंचा. त्यांचे मालक त्या लढाईत गेले. अंत्यसंस्कार तिकडेच झाले, घरी आली ती फक्त ट्रंक. पण जाण्याच्या चार दिवस आधी त्यांनी पत्रात कळवलं होतं, की शत्रूच्या खंदकात शिरून एकाच्या हातातली रायफल हिसकावून आणली. ती आता आमच्याकडे आहे असं बाईंना कुणाकडून तरी कळलं. ‘मरायच्या आधी एकदा हात लावू द्या’ – अर्जात एवढंच होतं.

संग्रहाच्या साहेबांनी अर्ज माझ्याकडे दिला. आमच्याकडे चिनी बनावटीच्या सात रायफली होत्या, एका साच्यातल्या. त्यांच्या पलटणीकडून आलेल्या तेवढ्याच, त्यामुळे त्यातली एक त्यांची, हे नक्की. यादीचं गाठोडं माळ्यावर होतं. ते उतरवायचं, सात नंबर खडूने काढायचे – दोन तासांचं काम. पण पूजेची धांदल होती... आणि खरं सांगायचं तर कंटाळा. बाईंना कुठे कळणार आहे, असं म्हणून मी जी स्वच्छ दिसली तिला त्यांच्या मालकांच्या नावाचा टॅग बांधला. साहेबांनी विश्वासाने सही केली.

खंडेनवमीला दुपारी बाराच्या सुमारास हौसाबाई आल्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, दोन्ही डोळ्यांना फक्त सावल्या दिसायच्या. सोबत नणंद, गयाबाई. सातही रायफली पूजेसाठी टेबलावर घोंगडी टाकून मांडल्या होत्या. मी हौसाबाईंचा हात धरून टॅगवाल्या रायफलीवर ठेवला. त्यांनी दस्त्यापासून नळीपर्यंत सावकाश हात फिरवला.

“ही न्हाई,” त्या म्हणाल्या.

गयाबाई हसल्या. “वैनी, जलमभर खुरपं धरलंस, आन् आज बंदूक वळखाया लागलीस व्हय?”

हौसाबाईंनी हात काढून घेतला. टेबलाच्या कडेने चाचपत निघाल्या. एकेका रायफलीला हात लावायच्या, पुढे सरकायच्या. एका रायफलीशी थांबल्या. “ही.”

माझ्या मनात आधी संशयच आला. यांना कुणीतरी पढवलंय. आमचा स्टोअरमन? की साहेबच माझी परीक्षा घेतायत? मी विचारलं, “मावशी, कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कोन सांगनार? हात थांबला.”

मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. त्यांना खुर्चीवर पाठमोरं बसवलं, टॅग काढून खिशात टाकला आणि रायफलींची अदलाबदल केली. त्या रायफलीच्या पट्ट्याच्या कडीला तार गुंडाळलेली होती. ती तारही मी काढून टाकली. परत बोलावलं. हात फिरत गेला आणि तिच्यावरच थांबला. पुन्हा बदललं. पुन्हा तीच.

“सायेब,” गयाबाई आता हसत नव्हत्या, “म्हातारीला पत्ते पिसल्यागत कामून खेळवताय?”

बाहेर फोटोवाला आला होता. टॅगवर साहेबांची सही होती आणि माझं कंत्राट महिन्याभरात संपत होतं. मी खिशातून टॅग काढला, पहिल्याच रायफलीला परत बांधला आणि ठासून म्हणालो, “मावशी, कागदावर हीच आहे.”

त्यांनी टॅगवर बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “कागद म्हनतोय तर आसंल.”

गयाबाईंनी भावाच्या नावाने त्या रायफलीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. हौसाबाईंनी हात जोडले. फोटो निघाला.

दसरा झाल्यावर मी गाठोडं उतरवलं. सुतळीच्या गाठीवर इतकी धूळ होती की कित्येक वर्षांत ती कुणी सोडली नसावी. म्हणजे पढवणार तरी कोण? खडू घासला, पुसला, वाचला. तीनदा वाचला. त्यांच्या मालकांच्या नावापुढचा नंबर त्याच रायफलीचा होता – जिच्यावर त्या तीनदा थांबल्या.

योगायोग म्हणा. मीही म्हणून पाहिलं. दार लावून डोळे मिटून सातही रायफली चाचपल्या. मला एकीत आणि दुसरीत काडीचाही फरक लागला नाही. मग मी गुपचूप टॅग बदलला आणि दोन वर्षं गप्प बसलो. कंत्राट वाढलं.

गेल्या महिन्यात राहवलं नाही. एसटीने मिरजगावला गेलो, तिथून जीपने त्यांच्या वस्तीवर. हौसाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी कंटाळ्यापासून टॅगपर्यंत सगळं सांगून टाकलं. चुकीच्या हत्याराला हात जोडायला लावले, हेही. म्हणालो, गाडी करतो, चला, आता खरी दाखवतो.

त्यांचे हात शेंगा फोडतच राहिले.

“आता कशाला? माजी भेट झाली तवाच. एकदा न्हाई, तीन डाव झाली.” मग माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, “तुमीच करवली की.”

गयाबाईंनी आतून चहा आणून दिला, तो प्यायलो.

परतल्यावर साहेबांना लेखी दिलंय. काय होईल ते होईल. पण न दिसणाऱ्या डोळ्यांनी, कधी न पाहिलेली रायफल त्यांनी सातांतून कशी ओळखली? त्या दिवशी ओट्यावर बराच वेळ बसलो होतो, विचारता आलं असतं... विचारलं नाही.